लावणी ऐकली, बाईचं ऐकलं का?

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागते, जेवणं उरकतात आणि अंगणात गाणी सुरू होतात. नवी लागतात, हिंदी लागतात. मध्येच कुणीतरी साताऱ्याच्या वाटेवर सांडलेल्या बुगडीची ती जुनी लावणी लावतं, आणि मग बघा गंमत! इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या मावश्या, काकू, आत्या हळूच सरसावतात. कुणाचा हात कानाकडे जातो, कुणी पदर खोचते. एरवी चारचौघांत मान वर न करणारी एखादी सासूबाईसुद्धा दोन ठेके घेऊन जाते. खेड्यातल्या तरुणीच्या मनातलं चोरटं प्रेम सांगणारी ही लावणी. ऐकताना कुणालाच संकोच वाटत नाही.

मैत्रिणींनो, ही लावणी १९५९ सालची. चित्रपटाचं नाव ‘सांगत्ये ऐका’, दिग्दर्शक अनंत माने. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल वसंत पवारांची आणि आवाज आशा भोसले यांचा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं! एखादीचं लग्न होऊन पहिलं मूल पावलं टाकायला लागलं, तरी तोच चित्रपट तिथेच चालू. जयश्री गडकरांना या लावणीने घराघरांत पोचवलं. पण त्याच चित्रपटात आणखी एक बाई होती. तिने पुढे आपल्या आत्मचरित्राला या चित्रपटाचंच नाव दिलं. लावणी आपण साठ-पासष्ट वर्षं ऐकत आलो. त्या बाईचं सांगणं मात्र आपल्यातल्या किती जणींनी ऐकलं? आज तिच्याविषयी, हंसा वाडकरांविषयी लिहिते आहे.

हंसा हे तिचं पडद्यावरचं नाव. खरं नाव रतन साळगावकर. २४ जानेवारी १९२३ ला मुंबईत जन्म झाला. घराणं मूळचं कोकणातलं आणि त्यात कलावंतिणींची परंपरा होती. मागच्या पिढ्यांत गाणं हाच घरातला आधार. पुढच्या पिढीने लग्नं केली, संसार थाटले, पण चारचौघींसारखं घर असावं ही ओढ आणि मागची ओळख यांची ओढाताण काही संपली नाही. वडिलांना दारूचं व्यसन होतं आणि पैशाची चणचण कायमची. अशा घरात मुलीचा गळा बरा असला, चेहरा नीटस असला, की सगळ्यांची नजर तिच्याकडे वळते. रतनकडेही वळली.

१९३६ साली ‘विजयाची लग्ने’ हा तिचा पहिला चित्रपट आला. तेव्हा ती होती तेरा वर्षांची. आपल्याकडे त्या वयाची लेकरं आठवी-नववीत असतात, सायकलवरून शाळेत जातात, वेणीला रिबीन नाही म्हणून रुसतात. रतन त्या वयात कमवायला लागली आणि सगळं घर तिच्या कमाईवर चालू लागलं. नात्यातल्या इंदिराबाई वाडकर गाण्यात आणि चित्रपटात आधीपासून होत्या. त्यांचंच आडनाव तिला लागलं आणि रतनची हंसा वाडकर झाली.

पंधराव्या वर्षाच्या आसपास तिचं लग्न झालं. नवरा जगन्नाथ बंदरकर, वयाने बराच मोठा आणि घरात येणं-जाणं असलेला. लग्नानंतर चित्रपट सोडावेत, आपलं घर सांभाळावं, स्वयंपाकपाणी करावं, लेकरंबाळं वाढवावीत, असं तिच्या मनात होतं. गंमत बघा, आपल्यातल्या कित्येक जणी घराबाहेर पडून काहीतरी करायला धडपडतात आणि घरचे अडवतात. हिच्या बाबतीत सगळं उलटं. हिला घरात राहायचं होतं आणि घरचे तिला कामावर ढकलत होते, कारण पैसा तिच्याकडून येत होता. कोणता चित्रपट घ्यायचा, किती पैशाला घ्यायचा, हे नवरा ठरवणार. पैसाही त्याच्याच हाती. वर संशय आहेच! कमावते म्हणून ती हवी, आणि चार पुरुषांत काम करते म्हणून तिच्यावर डोळा. खोल पाहिलं तर दोन्हींची मुळं एकच. बाईचं कष्ट करणारं शरीर आपल्या मालकीचं, पण तिचं मन आणि तिचा पैसा तिचा नव्हे, ही ती समजूत.

काम मात्र तिने मन लावून केलं. बॉम्बे टॉकीजच्या हिंदी चित्रपटांत ती दिसली. मग १९४१ साली प्रभातचा ‘संत सखू’ आला. त्यात सखू झाल्या हंसाबाई. सखूची कथा आपल्या बायकांना वेगळी सांगायला नको. सासुरवाशीण सखूला पंढरीची ओढ लागते, सासरचे तिला बांधून घालतात, आणि विठ्ठल स्वतः सखूचं रूप घेऊन तिच्या जागी उभा राहतो. पुढे १९४९ साली ‘संत जनाबाई’ आला आणि त्यात जनाबाई झाल्या त्याही हंसाबाईच. आपल्या गंगाखेडची जनी, नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी, विठ्ठलाला जात्याशी बसवणारी! गोदाकाठच्या जनाबाईच्या देवळात आपण जातो तेव्हा हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं, की आपली जनी पडद्यावर साकारणारी बाई आणि तमाशापटांची पहिली मोठी नायिका एकच होती.

ती नायिका झाली १९४७ साली. व्ही. शांताराम यांच्या राजकमल संस्थेने ‘लोकशाहीर राम जोशी’ काढला. राम जोशी हे पेशवाईतले सोलापूरचे खरेखुरे शाहीर. घर पुराणिकांचं, पण याला नाद तमाशाच्या फडाचा. भावाने घराबाहेर काढलं, तरी लावणी सुटली नाही. पुढे मोरोपंतांशी गाठ पडली आणि हाच माणूस कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या गाऊ लागला. चित्रपटात राम जोशी झाले जयराम शिलेदार. ज्या तमासगिरिणीवर त्याचं मन जडतं, ती बया म्हणजे हंसाबाई. मनात भरलेल्या सुंदरेचं वर्णन करणारी राम जोशींची जुनी लावणी या चित्रपटात आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. शाहिराला जाऊन सव्वाशेच्या वर वर्षं झाली होती. त्याची लावणी नव्याने रस्त्यावर आली, सायकलवरून जाणारे गडीमाणसं ती शीळ घालत म्हणू लागली.

याचं महत्त्व आज चटकन कळत नाही. त्याआधी लावणी कुठे ऐकायला मिळायची? तमाशाच्या फडात, जत्रेत, कनातीच्या आत. तिथे बाप्ये जायचे. घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांनी त्या बाजूला फिरकायचंही नाही. दुरून ढोलकी ऐकू आली तरी खिडकी लावून घ्यायची. चित्रपटाने ही कनात उचलली. थिएटरात नवऱ्याबरोबर, नणंदेबरोबर, लेकरं घेऊन जाता येत होतं. पुढे रेडिओ आला आणि लावणी थेट स्वयंपाकघरात शिरली. पिठात हात असताना, भाकरी थापताना, बाईने प्रथमच आपल्या घरात बसून लावणी ऐकली आणि गुणगुणली. ज्या गाण्यात बाईच बोलते, मला काय वाटतं, माझं मन कुणावर आहे, हे उघड सांगते, ते गाणं बायकांपर्यंत पोचायला असं दोन टप्प्यांनी यावं लागलं.

‘राम जोशी’ गाजल्यावर मराठीत तमाशापटांची रीघ लागली. १९५० साली ‘पुढचं पाऊल’ आला. त्यात हंसाबाईंबरोबर पु. ल. देशपांडे होते. आणि १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’. एकाच बाईसमोर प्रेक्षक सखू म्हणून, जनाबाई म्हणून भाविक होऊन बसले, आणि तमासगिरीण म्हणून तिला शिट्ट्याही मारल्या. दोन्हीकडे तिने जीव ओतला. पण ती बाई म्हणून कोण आहे, घरी तिच्या ताटात काय वाढून ठेवलंय, हे विचारायला कुणी नव्हतं.

आता तिच्या आयुष्यातला जो भाग सांगणार आहे, तो आपल्या मराठवाड्यातला आहे. म्हणून तो मला जास्त लागतो.

नवऱ्याशी पटेनासं झालं होतं. भांडणं, संशय, मारझोड. अशाच एका भांडणानंतर त्या घराबाहेर पडल्या. ओळखीच्या एका गृहस्थाने आधार देतो म्हटलं आणि त्या त्याच्याबरोबर निघून गेल्या. तो त्यांना मराठवाड्यातल्या आपल्या गावी घेऊन गेला. तिथे गेल्यावर दिसलं, की घरात त्याच्या दोन बायका आधीच आहेत. ही तिसरी. जिच्या नावावर मुंबई-पुण्यात चित्रपट चालायचे, ती बाई आता एका खेड्यात, डोक्यावर पदर घेऊन, गाईगुरांचं आणि चुलीचं करत होती. कष्टाचं तिला काही नव्हतं, उलट असं घर तिला हवंच होतं. पण त्या घराचा उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. मोटार नाही, पत्र नाही, माणूस नाही. जवळजवळ तीन वर्षं अशी गेली.

विचार करा. पडद्यावर सखूला बांधलं तेव्हा विठ्ठल धावून आला होता. जनीचं दळण दळायला तो जात्याशी बसला होता. खऱ्या हंसाबाईसाठी कुणी देव आला नाही. शेवटी त्यांनी चोरून पत्र पाठवलं, तेही कुणाला? ज्याच्या घरातून त्या निघाल्या होत्या त्या नवऱ्यालाच. दुसरं होतं कोण? तो पोलीस घेऊन आला आणि त्या सुटल्या. म्हणजे एका पुरुषाच्या घरातून निघायचं तर दुसऱ्याच्या घरात, आणि तिथून सुटायचं तर परत पहिल्याच्याच ताब्यात. आणि एवढ्यावर भागलं नाही. सुटकेच्या कागदांवर सही करायला त्यांना ज्या अधिकाऱ्यापुढे जावं लागलं, त्यानेच त्यांच्यावर बलात्कार केला, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. न्याय मागायला गेलेल्या बाईवर न्याय देणाऱ्यानेच हात टाकला. लिहितानाही हात थांबतो.

त्या काळात हे बोलायची कुणाची छाती होती? आजही आपल्या तालुक्याच्या ठिकाणी असं काही झालं, तर पहिला सल्ला मिळतो तो तोंड मिटून बसायचा. लेकीबाळींची लग्नं व्हायची आहेत, घराण्याचं नाव आहे, झाकली मूठ ठेव. हंसाबाईंनी मूठ उघडली. १९६६ साली ‘माणूस’मध्ये त्यांची कहाणी छापून येऊ लागली. त्या बोलायच्या आणि तेव्हाचे तरुण पत्रकार अरुण साधू यांनी ते शब्दबद्ध केलं. १९७० साली राजहंस प्रकाशनाने त्याचं पुस्तक काढलं. नाव दिलं ‘सांगत्ये ऐका’. चित्रपटाच्या नावाला तेव्हा खरा अर्थ आला.

त्या पुस्तकात त्यांनी स्वतःलाही सोडलेलं नाही. आपलं दारूचं व्यसन, घर सोडून जाणं, नंतर एका नटाबरोबर काढलेली वर्षं, सगळं सरळ सांगितलं. कुठे रडगाणं नाही, कुठे मी किती चांगली असा आव नाही. पुस्तकाने मोठी खळबळ उडाली. बाईने असं बोलावं का, हा प्रश्न तेव्हा निघाला आणि आजही निघतो. माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. चित्रपटातल्या लावणीत बाईने आपलं मन उघड केलं तेव्हा लोकांनी १३१ आठवडे तिकिटं काढली. तीच बाई स्वतःच्या तोंडाने स्वतःचं दुःख सांगायला लागली, तर ते धीट कसं वाटलं? गाण्यातलं बाईचं मन गोड, आणि खऱ्या बाईचं मन जड, असं का?

पुस्तक आलं आणि वर्ष-दीड वर्षातच, २३ ऑगस्ट १९७१ ला हंसाबाई गेल्या. वय अवघं ४८. व्यसनाने आणि आजारपणाने शरीर पोखरलं होतं. शेवटची वर्षं पैशाचीही ओढच होती. तेराव्या वर्षापासून कमावणाऱ्या बाईच्या हाती शेवटी काही उरलं नव्हतं.

त्यांच्यामागे १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्यांच्या आयुष्यावरून ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट केला. त्यातली नायिका स्मिता पाटील. या कामासाठी स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ साली आत्मचरित्र इंग्रजीतही गेलं. परदेशातल्या विद्यापीठांत मुली ते वाचतात. आपल्याकडे, जिथे हे सगळं घडलं त्या मराठवाड्यात, आपल्या वाचनालयात ते कुणी मागतं का, एकदा विचारून बघा.

मी बचत गटांच्या बायकांत वावरते. सभा संपली, की रेंगाळून एखादी बाजूला घेऊन बोलते. नाव नको, गाव नको, पण कहाणी ओळखीची असते. कमाई तिची, पासबुक नवऱ्याकडे. माहेरी जायला बंदी. कुणाला दुसरी म्हणून आणलंय आणि कागदावर काही नाही. ऐकताना मला हंसाबाई आठवतात. एक मोठा फरक मात्र पडला आहे, आणि तो आपल्या सगळ्यांना ठाऊक हवा. पहिली बायको असताना दुसरी करायला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बंदी आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तर आणखी पुढे जातो. मारझोडच नव्हे, तर पैसे काढून घेणं, अपमान करणं, हीसुद्धा तो हिंसाच मानतो. लग्नासारख्या नात्यात राहिलेल्या बाईलाही तो आधार देतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत चौकशी करायची. फोन जवळ असेल तर १८१ किंवा ११२ लावायचा. नवऱ्याला चोरून पत्र धाडण्याशिवाय हंसाबाईंपुढे मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे.

आणि एक साधी गोष्ट, तिला कायदा लागत नाही. आपल्या कमाईचं खातं आपल्या नावावर आणि पासबुक आपल्या पेटीत. शिवणकामाचे असोत, पापड-शेवयांचे असोत की शेतातल्या रोजगाराचे, दोनशे रुपये का असेनात, ते कुठे गेले हे आपल्याला माहीत हवं. हंसाबाईंकडे गळा होता, रूप होतं, नाव होतं. नव्हती ती फक्त स्वतःच्या पैशाची किल्ली.

कुणी म्हणेल, लग्नाच्या मांडवातली मजेची लावणी, तिच्यात कशाला हे दुःख आणायचं? लावणी बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. खुशाल वाजवा, खुशाल नाचा. बायकांना मोकळं होऊन नाचायच्या जागा आधीच कमी आहेत, त्यात ही एक. माझं म्हणणं इतकंच, की ज्या कानाने लावणी ऐकतो त्याच कानाने शेजारणीचं, जावेचं, सुनेचं सांगणंही ऐकावं. ती अर्धवट बोलून गप्प झाली, तर उठून न जाता जवळ बसावं. जातं ओढताना जनीला कुणीतरी ऐकणारा होता, म्हणून तिचे अभंग आपल्यापर्यंत आले.

‘सांगत्ये ऐका’ हे पुस्तक मिळालं तर या पावसाळ्यात वाचा. मोठं नाही, दोन-चार दुपारींत होतं. वाचून झालं की कपाटात ठेवू नका, पुढच्या बाईला द्या.